टायटॅनियमचा ग्रेन गोठतानाच ठरतो: आर्क भट्टीतल्या बटणाची पायरीवार कृती

टायटॅनियमच्या नमुन्याचे ग्रेन, म्हणजे धातूतले स्फटिककण, मोठे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हीट ट्रीटमेंट बदलून बघू का?’ हा प्रश्न स्टीलच्या सवयीतून येतो. स्टील पुन्हा तापवलं की ऑस्टेनाइटचे, म्हणजे स्टीलच्या तापलेल्या अवस्थेतल्या रचनेचे, नवे ग्रेन जन्माला येतात आणि ओतकामातली जाडीभरडी रचना बऱ्याच अंशी मोडते. टीआय-६४ मध्ये, म्हणजे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या नेहमीच्या मिश्रधातूत, तसं घडत नाही. या धातूच्या दोन स्फटिकरचना असतात: जास्त तापमानाला बीटा, थंड झाल्यावर मुख्यतः अल्फा. थंड झाल्यावरही अल्फाच्या पट्ट्यांमध्ये थोडा बीटा शिल्लक राहतो आणि त्याची दिशा जुन्या ग्रेनचीच असते. पुन्हा तापवलं की तोच बीटा पसरतो, जुना ग्रेन जसाच्या तसा परत येतो आणि वर आणखी वाढतो. फोर्जिंग किंवा रोलिंग करून धातू विकृत केल्याशिवाय त्या ग्रेनपासून सुटका नाही. ज्याला ओतलेल्या आकारातच भाग वापरायचा आहे, त्याच्या हातात गोठण्याचे ते काही सेकंदच असतात.

खालची कृती टंगस्टन इलेक्ट्रोड आणि पाण्यानं थंड केलेला तांब्याचा हर्थ (धातू ठेवायचा खळग्यांचा पाया) असलेल्या प्रयोगशाळेतल्या आर्क भट्टीसाठी आहे. उदाहरण ५० ग्रॅमच्या बटणाचं, म्हणजे हर्थवर वितळवून गोठवलेल्या छोट्या गोळ्याचं, घेतलं आहे. बोरॉन घालून बीटा ग्रेन बारीक करायचा आहे आणि तो खरोखर बारीक झाला का, हे पडताळायचं आहे.

पायरी १: कोणत्या ग्रेनबद्दल बोलतो आहोत, ते आधी ठरवा

सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सुयांसारख्या पट्ट्या म्हणजे ग्रेन नव्हेत. तो अल्फा आहे. तो धातू घन झाल्यानंतर, सुमारे ९९५ °से या बीटा ट्रान्ससच्या (ज्याच्या वर धातू पूर्ण बीटा असतो, त्या तापमानाच्या) खाली उतरताना बनतो, आणि त्याची जाडी त्या टप्प्यातल्या थंड होण्याच्या वेगावर ठरते. गोठताना बनतो तो बीटाचा ग्रेन. तो १६०० °सेच्या वर कुठेतरी जन्मतो आणि पुढे त्याच्या पोटात अल्फाच्या वेगवेगळ्या दिशांच्या पट्ट्या भरतात. एका बीटा ग्रेनमधून अल्फाच्या १२ दिशा निघू शकतात, म्हणून एकच मोठा ग्रेन शंभर बारीक तुकड्यांसारखा दिसतो.

‘बोरॉन घातल्यावर ग्रेन ५ मायक्रॉनवर आला’ असं लिहिलेले अहवाल मी वाचले आहेत. मोजलेली असते अल्फा पट्टीची जाडी. बीटा ग्रेन त्याच फोटोच्या चौकटीबाहेर पसरलेला असतो.

तपासा: अहवालात तुम्ही ‘ग्रेन’ लिहाल तिथे प्रत्येक वेळी ‘आधीचा बीटा ग्रेन’ असं वाचून पाहा. वाक्य खोटं पडत असेल, तर मोजमाप चुकीच्या गोष्टीचं आहे.

पायरी २: काय घालायचं आणि का

अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामात टायटॅनियम-बोरॉनची कांडी टाकली की ग्रेन बारीक होतो, कारण तिच्यातले कण नव्या ग्रेनला बीज म्हणून उपयोगी पडतात. वितळलेल्या टायटॅनियममध्ये तसे भरवशाचे कण टिकत नाहीत. तो हाताला लागेल ते विरघळवतो. म्हणून इथे मुख्य भिस्त विरघळलेल्या मूलद्रव्यावर ठेवावी लागते.

विचार असा आहे. घन धातूची सीमा पुढे सरकताना जे मूलद्रव्य घनात मावत नाही, ते समोरच्या द्रवात ढकललं जातं. तिथे ते साचतं, त्या थराचा गोठणबिंदू खाली जातो, सीमेची वाढ अडते, आणि थोड्या पुढच्या द्रवात नवा ग्रेन जन्मायला सवड मिळते. अ‍ॅल्युमिनियम आणि व्हॅनेडियम दोन्ही घनात आणि द्रवात जवळजवळ सारखेच वाटले जातात, त्यामुळे टीआय-६४ मध्ये ही अडवणूक जवळपास नसते आणि ग्रेन मोकाट वाढतात. बोरॉनला घन टायटॅनियममध्ये जागाच नाही, विद्राव्यता ०.०५ टक्क्याहूनही कमी आहे, म्हणून तो जवळजवळ सगळा पुढे ढकलला जातो. ओतलेल्या टीआय-६४ मध्ये वजनानं ०.१ टक्के बोरॉननं बीटा ग्रेन सुमारे दहा पटींनी लहान होतो, दीड-दोन मिलिमीटरवरून ०.२ मिलिमीटरच्या आसपास येतो.

जास्त घातला तर जास्त बारीक, असं समजू नका. ०.१ टक्क्यानंतर फायदा झपाट्यानं आटतो, पण टायटॅनियम बोराइडच्या कडक सुया वाढत जातात आणि ताण दिल्यावर तिथून तडे सुरू होतात. दीड टक्क्याच्या पलीकडे तर बोराइड सगळ्यात आधी गोठतं आणि त्याचे जाड दांडे होतात. पहिल्या प्रयोगासाठी ०.१ टक्केच घ्या.

सिलिकॉन, लोह, तांबं हेही अडवणूक करतात. लोह मात्र शेवटच्या द्रवात गोळा होऊन बीटाचे ठिपके सोडतं, आणि मोठ्या इनगॉटमध्ये (ओतलेल्या ठोकळ्यात) ती मोठीच डोकेदुखी होते. तांब्याचं प्रमाण बरंच लागतं. २०१९ मध्ये ८.५ टक्के तांबं घालून थ्री-डी प्रिंटिंगमध्ये बारीक समअक्ष (सगळ्या दिशांना सारख्या मापाचे) ग्रेन मिळाल्याचं संशोधन गाजलं, पण ती टीआय-६४ नव्हे, वेगळी मिश्रधातू झाली.

पायरी ३: वजनाचा हिशेब आणि बोरॉनचं आधीचं बटण

इथे बहुतेकांचा प्रयोग बिघडतो, आणि बिघडल्याचं फार उशिरा कळतं.

५० ग्रॅममध्ये ०.१ टक्के म्हणजे ०.०५ ग्रॅम बोरॉन. टायटॅनियम डायबोराइडच्या भुकटीत वजनानं ३१.१ टक्के बोरॉन असतो, म्हणजे ०.१६१ ग्रॅम भुकटी लागेल. एवढीशी भुकटी हर्थवर टाकून आर्क लावला तर ती आर्कच्या झोतात उडते आणि भट्टीच्या भिंतीला चिकटते. उरलेली नीट विरघळत नाही, कारण डायबोराइड ३००० °सेच्याही वर वितळतं. एका बटणात बोरॉन ०.१, दुसऱ्यात ०.०३, आणि विद्यार्थी महिनाभर त्या फरकाची कारणं थंड होण्याच्या वेगात शोधत बसतो.

म्हणून आधी १ टक्का बोरॉनचं टायटॅनियमचं बटण करून ठेवा. २० ग्रॅमसाठी डायबोराइड ०.६४३ ग्रॅम आणि टायटॅनियम १९.३५७ ग्रॅम. भुकटी टायटॅनियमच्या पातळ पत्र्यात घट्ट गुंडाळा, पत्र्याचं वजन टायटॅनियमच्या हिशेबात धरा, पुडी टायटॅनियमच्या तुकड्यांखाली ठेवा. सहा-सात वेळा उलटून वितळवा. मग एक काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. न विरघळलेले गठ्ठे दिसले तर पुन्हा वितळवा.

आता मुख्य बटणाचा हिशेब तोंडी करता येतो:

- ६०:४० अ‍ॅल्युमिनियम-व्हॅनेडियम मास्टर अलॉय (आधीच मिसळून ठेवलेली मिश्रधातू): ५.०० ग्रॅम
- १ टक्का बोरॉनचं टायटॅनियम: ५.०० ग्रॅम
- शुद्ध टायटॅनियम: ४०.०० ग्रॅम

मास्टर अलॉयमधून ३ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम आणि २ ग्रॅम व्हॅनेडियम येतं, म्हणजे बरोबर ६ आणि ४ टक्के. सुटं व्हॅनेडियम वापरू नका. ते १९१० °सेला वितळतं, तोवर सुटं अ‍ॅल्युमिनियम उडायला लागलेलं असतं.

याच बैठकीत बोरॉन नसलेलं ५० ग्रॅमचं दुसरं बटणही तोलून ठेवा. त्याच्याशिवाय तुलना कशाशी करणार?

पायरी ४: कच्चा माल

स्पंज, म्हणजे सच्छिद्र कच्चं टायटॅनियम, वापरत असाल तर तो कोरडा हवा. मॅग्नेशियमनं क्षपण करून बनवलेल्या स्पंजच्या छिद्रांत थोडं मॅग्नेशियम क्लोराइड राहतं आणि ते हवेतली ओल धरतं. केरळात कोल्लमजवळ चवऱ्याला बनणारा आपला स्पंजही याच पद्धतीचा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डबा दोन दिवस उघडा राहिला तरी वितळवताना थेंब उडतात, काही इलेक्ट्रोडला जाऊन चिकटतात. सीलबंद डबा, आत सिलिका जेल, आणि वापरण्याआधी निर्वात ओव्हनमध्ये वाळवणं, हा नेम मोडू नका. नव्या माणसानं शक्यतो स्पंजऐवजी शुद्ध टायटॅनियमच्या सळईचे तुकडे घ्यावेत.

तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक बाथला लावून धुवा. क्लोरीनयुक्त द्रावकं टायटॅनियमला लावू नका. धुतल्यावर उघड्या बोटांनी उचलू नका.

इशारा: टायटॅनियमचा बारीक कीस पेट घेतो. विझवायला पाणी मारायचं नाही. कापकामाच्या जागेजवळ कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचं अग्निशामक हवंच.

पायरी ५: भट्टीची तयारी

१. हर्थच्या पाण्याचा प्रवाह सुरू करून डोळ्यांनी बघा. नुसत्या मीटरवर विसंबू नका. तांबं भोकसलं जाऊन पाणी वितळलेल्या टायटॅनियमवर आलं तर वाफेचा आणि हायड्रोजनचा स्फोट होतो.

२. हर्थ घासून पुसा. आधीच्या माणसाच्या मिश्रधातूचा एक थेंबही तुमच्या बटणात यायला नको.

३. निर्वात करा, शक्यतो मिलिबारच्या लाखाव्या हिश्शापर्यंत. झडप बंद करून दहा मिनिटं दाब बघा. तो सरळ रेषेत चढत राहिला तर गळती आहे. आधी भरभर चढून मग मंदावला तर आत ओल आहे, आणखी पंपिंग करा.

४. शुद्ध आर्गॉन भरा, काढा, असं तीन वेळा. शेवटी वातावरणाच्या दाबापेक्षा थोडा कमी दाब ठेवा. पूर्ण निर्वातात वितळवू नका, अ‍ॅल्युमिनियम उडून जाईल.

५. बाजूच्या खळग्यात टायटॅनियमचा गोळा ठेवून तो आधी वितळवा. हा गेटर. उरलासुरला ऑक्सिजन-नायट्रोजन तो पिऊन घेतो.

तपासा: थंड झालेला गेटर चांदीसारखा चकचकीत हवा. पिवळा, निळा किंवा जांभळा दिसला तर तिथेच थांबा. ‘आता भरलंय तर घेऊनच टाकू’ या मोहात मी स्वतः एकदा सहा बटणं वाया घालवली आहेत. ग्रेड ५ ला, म्हणजे टीआय-६४ च्या प्रमाणित प्रतीला, ऑक्सिजनची कमाल मर्यादा ०.२० टक्के आहे आणि ती ओलांडली की ग्रेन कितीही बारीक असला तरी धातू ठिसूळ होतो. मग ठिसूळपणा बोरॉनमुळे की ऑक्सिजनमुळे, हे सांगता येत नाही.

पायरी ६: मिसळण्यासाठी वितळवणं

मास्टर अलॉय खाली, बोरॉनचे तुकडे मध्ये, टायटॅनियम वर. आर्क आधी टायटॅनियमवर पडला पाहिजे. ते वितळून खाली ओघळतं आणि अ‍ॅल्युमिनियमला पोटात घेतं.

आर्क गेटरवर लावा आणि मग बटणावर न्या. चार्जला, म्हणजे वितळवायच्या मालाला, इलेक्ट्रोडचं टोक टेकवून आर्क लावला तर टंगस्टनचा कण धातूत पडतो. त्याची घनता १९.३, टायटॅनियमची ४.५. तो तळाला जाऊन बसतो आणि बहुधा विरघळत नाही. आर्क उघड्या तांब्यावर क्षणभरही रेंगाळू देऊ नका.

पाच वेळा वितळवा, दर वेळी बटण उलटं करा. उलटण्याला पर्याय नाही, कारण तांब्याला टेकलेला तळाचा पातळ थर कधीच पूर्ण वितळत नाही. त्या थरात जे अडकलं ते तसंच राहतं.

तपासा: बाहेर काढून तोला. ०.१ ग्रॅमची घट चालेल. ०.३ ग्रॅम गेलं असेल आणि ते सगळं अ‍ॅल्युमिनियम धरलं, तर ते ६ वरून ५.४ टक्क्यांवर आलं, म्हणजे ग्रेड ५ च्या ५.५ या खालच्या मर्यादेच्याही खाली. असं बटण ग्रेनच्या तुलनेत घेऊ नका.

पायरी ७: शेवटचं वितळवणं आणि गोठवणं

सगळी मेहनत या अर्ध्या मिनिटासाठी होती.

ग्रेनचा आकार आणि ठेवण दोन गोष्टी ठरवतात: गोठणाऱ्या सीमेपाशी तापमान किती तीव्रतेनं बदलतं, आणि ती सीमा किती वेगानं सरकते. तापमानाचा उतार तीव्र आणि सरकणं मंद असेल, तर ग्रेन खांबांसारखे एकाच दिशेनं वाढतात. उतार सौम्य आणि सरकणं जलद असेल, तर सगळीकडून सारखे, समअक्ष ग्रेन जन्मतात. तांब्याचा हर्थ उतार तीव्र करतो. म्हणजे भट्टी मुळातच तुमच्या विरुद्ध आहे. त्यात तळाचा न वितळलेला थर भर घालतो. त्याच्या ग्रेनवरच नवा धातू बसतो, नवं बीज लागतच नाही, आणि खांब तळापासून माथ्यापर्यंत चढतात. थ्री-डी प्रिंटिंगमध्ये थरावर थर देताना लांबलचक खांब दिसतात ते याच कारणानं. ते तोडण्यासाठी प्रत्येक थर रोलरनं दाबण्याची किंवा वितळलेल्या थरात अल्ट्रासाउंड सोडण्याची तजवीज करावी लागते.

बटणासाठी मी असं करतो:

१. बटण पूर्ण वितळू द्या, आर्क कडेकडेनं फिरवा.

२. मग करंट हळूहळू कमी करा, वरचा पृष्ठभाग जेमतेम द्रव राहील इतका. दहा-पंधरा सेकंद तसंच धरा. द्रवातली जास्तीची उष्णता इथे जाते. द्रव फार तापलेला असेल तर मध्यात जन्मू पाहणारे ग्रेन पुन्हा विरघळतात.

३. आर्क एकदम बंद करा. आता मंद मंद कमी करत बसू नका. घन झाल्यावर १००० °सेपर्यंत येईतो धातू पूर्णपणे बीटा असतो आणि त्या अवस्थेत ग्रेन भराभर वाढतात. तो पट्टा लवकर ओलांडायचा आहे.

४. बोरॉनच्या आणि बिनबोरॉनच्या बटणाला करंट, धरून ठेवण्याचा वेळ, वजन आणि खळगा अगदी एकच ठेवा. २० ग्रॅमचं बटण ५० ग्रॅमच्या बटणाशी ताडून पाहणं निरर्थक आहे.

सोय असेल तर बटणावर थांबू नका. वितळलेला धातू खालच्या तांब्याच्या साच्यात खेचून घेणारी सक्शन कास्टिंगची जोडणी वापरा. १० मिलिमीटरच्या सळईत तळाच्या न वितळलेल्या थराचा प्रश्नच उरत नाही, आणि बोरॉनचा परिणाम बटणापेक्षा स्पष्ट दिसतो.

इशारा: अचानक आर्क बंद केल्यानं माथ्याशी आकुंचनाची पोकळी राहते. ती ठीक आहे, पण तन्यतेचे नमुने तिथून काढू नका. उत्पादनातल्या ओतीव भागांच्या पोकळ्या गरम आयसोस्टॅटिक दाबानं (सगळ्या बाजूंनी सारख्या वायुदाबानं), साधारण ९०० ते ९२० °सेला, बंद करतात. ते तापमान ट्रान्ससखाली असतं, म्हणून बीटा ग्रेन शाबूत राहतो. तुमच्या नमुन्यालाही नंतर कुठलीही प्रक्रिया द्यायची असली तर हीच मर्यादा पाळा.

पायरी ८: काप कुठून घ्यायचा

बटण मधोमध उभं कापा, माथ्यापासून तळापर्यंत. आडवा काप हा सर्वांत फसवा. उसाची मोळी आडवी कापली तर गोल चकत्याच दिसतात, ऊस किती लांब होता ते कळत नाही. खांबांसारखे ग्रेनही आडव्या कापात समअक्ष दिसतात, आणि ‘समअक्ष रचना मिळाली’ असा निष्कर्ष निघतो. एका प्रबंधाचं अख्खं प्रकरण असं पडलेलं मी पाहिलं आहे.

कापताना भरपूर कूलंट, हलका दाब. सिलिकॉन कार्बाइडच्या कागदानं घासा, शेवटचं पॉलिश कोलॉइडल सिलिका ९० मिली आणि ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिली या मिश्रणानं. डायमंडच्या पॉलिशवर थांबलात तर टायटॅनियमचा माखलेला थर राहतो आणि खोटी रचना दाखवतो.

एचिंगला, म्हणजे आम्लानं रचना उघडी पाडायला, क्रोलचं द्रावण: पाणी ९२ मिली, नायट्रिक आम्ल ६ मिली, हायड्रोफ्लुओरिक आम्ल २ मिली. दहा ते वीस सेकंद.

इशारा: हायड्रोफ्लुओरिक आम्ल काच खातं, म्हणून प्लॅस्टिकचीच भांडी. पातळ आम्ल कातडीवर पडलं तर तेव्हा दुखत नाही, काही तासांनी आतून जाळतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर बाटली उघडूच नका. एकटं असताना हे काम करू नका. थेंब पडलाच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, जेल लावा आणि दवाखाना गाठा.

पायरी ९: मोजणं

आधी साध्या डोळ्यांनी बघा. बिनबोरॉनच्या बटणाचे ग्रेन प्रकाशात तिरपं धरलं की उघड दिसतात. बोरॉनच्या बटणात सीमांवर बोराइडच्या सुया माळेसारख्या ओवलेल्या असतात, त्यामुळे बीटाची सीमा ओळखणं उलट सोपं जातं. बिनबोरॉनमध्ये सीमेवरच्या अखंड अल्फाच्या रेघेचा माग काढा. तरीही शंका राहिली तर ईबीएसडीवरून (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं स्फटिकांच्या दिशा मोजण्याच्या पद्धतीवरून) बीटाची दिशा परत मांडून घ्या.

रेघा मारून छेद मोजा. १.७ मिलिमीटरचा ग्रेन असेल तर २० मिलिमीटर रुंद कापावर एका रेघेत बारा छेदही मिळत नाहीत. मी किमान ५० छेद होईपर्यंत रेघा वाढवतो, एका कापात न भागल्यास दुसरं बटण कापतो. खांब असतील तर लांबी आणि रुंदी वेगळी लिहा, दोन्हींची सरासरी काढू नका. तळ, मध्य आणि माथा यांचे आकडेही वेगळे ठेवा. तळाला कायम खांब राहतील. पाहायचं ते इतकंच, की बोरॉनच्या बटणात खांब कितव्या मिलिमीटरवर थांबले आणि समअक्ष पट्टा कुठून सुरू झाला.

ग्रेन बारीक झाला नसेल तर आधी बोरॉनचं रासायनिक विश्लेषण करून घ्या, मग गेटरचा रंग आणि वजनातली घट यांच्या नोंदी बघा. करंटला हात सगळ्यात शेवटी लावा.